जिप्सीत १.३ डिझेल: अडॅप्टर प्लेटच्या पलीकडचं

डोंगरवाट

गाडी मारुती जिप्सी किंग, १९९७ ची, कार्बोरेटरवालं जी१३बीए इंजिन, १२९८ सीसी. चासी सरळ आहे, गंज फक्त मागच्या क्रॉस मेंबरला. इंजिन मात्र संपलंय: दोन नंबर सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही, तेल पितंय. ओव्हरहॉलऐवजी स्विफ्टचं १.३ डिझेल (१२४८ सीसी, ७५ पीएसवालं) टाकायचा विचार आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा, हाय-लो गिअरवाला डबा) जिप्सीचीच राहतील. वापर म्हणजे पावसाळ्यात मुळशी-वेल्ह्याकडच्या कच्च्या वाटा, शेत, अधूनमधून कोकण.

गॅरेजवाले म्हणतात, "अडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडपट्टी) मारली की झालं." मला ते पटत नाही. म्हणून विचारतो:

१) प्लेट सोडून नेमकं काय काय अडतं?
२) चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) पुढच्या ॲक्सलला लागतो म्हणतात, ते कितपत खरं?
३) गिअरिंग जुळेल का?
४) आरटीओचं काय?

कागद_आधी

चौथा प्रश्न पहिला घ्या, बाकीचे तीन त्याच्यावर अवलंबून आहेत.

मोटार वाहन कायदा, कलम ५२. कंपनीने मुळात दिलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. इंधन बदलायची जी सवलत आहे ती मंजूर किटला, म्हणजे सीएनजी-एलपीजीसारख्या रूपांतराला. दुसऱ्या गाडीचं अख्खं इंजिन आणून बसवणं त्यात येत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए मध्ये अशा बदलांसाठी शिक्षा आली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

दंडाचं एक वेळ सोडा. अपघात झाला आणि विमा कंपनीचा माणूस बॉनेट उघडून बसला की पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन बघून त्याला दावा नाकारायचं आयतं कारण मिळतं. गाडी १९९७ ची, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहेच. तिथे चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही बघतात.

थोडक्यात, ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची असेल तर डिझेल विसरा. फक्त खाजगी जमिनीवर, ट्रेलरवर घालून नेणार असाल तर पुढचं वाचा.

लेथवाला

कागदांचं ज्याचं त्याने बघावं. पहिल्या प्रश्नाचं सविस्तर लिहितो, कारण "प्लेट मारली की झालं" या वाक्याने बऱ्याच गिअरबॉक्सांचा बळी घेतलाय.

स्विफ्टचं इंजिन आडवं बसतं, जिप्सीचं उभं. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पायलट बेअरिंग. आडव्या गाडीच्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट गिअरबॉक्सच्याच दोन बेअरिंगांवर तोललेला असतो, त्याला क्रँकचा आधार लागत नाही. जिप्सीच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक मात्र क्रँकच्या टोकाशी बसवलेल्या पायलट बेअरिंगमध्येच फिरतं. त्यामुळे डिझेलच्या क्रँकला हव्या त्या मापाचं भोक असेलच असं नाही. बुश वळवून घ्यावा लागतो: बाहेरून क्रँकच्या किंवा फ्लायव्हीलच्या मधल्या भोकात घट्ट, आत पायलट बेअरिंग. हा बुश वळवताना एकाच पकडीत आतला आणि बाहेरचा व्यास काढा. उलटून पुन्हा पकडला की मध्य हलला म्हणून समजा.

मध्य जुळवणे. प्लेट १२ ते २० मिमी ॲल्युमिनियमची असते. बोल्टच्या भोकात अर्धा मिमी मोकळीक असते, त्यामुळे बोल्टने मध्य कधीच जुळत नाही, डॉवेलनेच (घट्ट बसणाऱ्या पिनेनेच) जुळतो. पद्धत अशी: फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक बेस लावून डायल गेज बसवा, बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या घंटेच्या) मधल्या भोकाला सुई टेकवा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काटा एकूण ०.२० मिमीच्या आत हलला पाहिजे. मग बेलहाउसिंगच्या तोंडाच्या सपाट भागावर सुई टेकवून तेच करा, तिथे ०.१५. दोन्ही जमलं की मगच डॉवेलची भोकं रीमरने पक्की करा. आधी डॉवेल आणि मग मोजमाप असं केलं तर चूक कायमची पक्की होते.

हे चुकलं तर लगेच काही दिसत नाही, म्हणून फसगत होते. आधी क्लच दाबल्यावर बारीक घरघर येते, मग क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स खरखरतो. पुढे क्लच प्लेटच्या हबचे रिव्हेट ढिले होतात आणि चौथ्यात चालताना गिअर आपोआप न्यूट्रलला येतो. गिऱ्हाईक गिअरबॉक्स खोलतं, त्यात काहीच सापडत नाही.

लांबीचा हिशोब. प्लेट १५ मिमी जाड असेल तर गिअरबॉक्स क्रँकपासून १५ मिमी मागे गेला. म्हणजे इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमधून १५ मिमी बाहेर आलं आणि शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) क्लच प्लेट तितकीच पुढच्या टोकाकडे सरकली. पायलटचा बुश तेवढा मागे काढायचा, किंवा फ्लायव्हील त्या मापाने जाड करायचं. शाफ्टचं टोक बेअरिंगच्या पूर्ण रुंदीत बसायला हवं, पण तळाला टेकता कामा नये. टेकलं तर बोल्ट आवळताना क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर सगळा दाब येतो आणि इंजिन नवीन असतानाच क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे हलायची मोकळीक) बिघडतो. टोकापाशी २ ते ३ मिमी जागा सोडा.

क्लच. डिझेलची प्रेशर प्लेट ठेवा, क्लच प्लेट डिझेलच्या व्यासाची पण हब जिप्सीच्या स्प्लाइनचा, असं बनवून घ्यावं लागतं. जुना हब कापून वेल्ड करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. रिव्हेट काढून पूर्ण हब बदलून देणारे क्लच रीकंडिशनवाले मोठ्या शहरांत सापडतात. फ्लायव्हील दोन भागांचं, आतून स्प्रिंगचं आलं असेल तर ते बाजूला ठेवा आणि एकसंध बनवून बॅलन्स करा. मात्र मग क्लच प्लेट स्प्रिंगवाली हवीच, नाहीतर आयडलला गिअरबॉक्स खडखडतो.

जिप्सीचा क्लच केबलवर आहे. डिझेलची प्रेशर प्लेट दाबायला जोर जास्त लागतो, त्यामुळे केबल तुटते किंवा पेडलचा ब्रॅकेट वाकतो. हायड्रॉलिक मास्टर आणि स्लेव्ह सुरुवातीलाच लावा. स्लेव्हचा व्यास निवडताना रिलीज बेअरिंगची लागणारी चाल आधी मोजा.

स्टार्टर. बसलेल्या स्थितीत पिनियन आणि रिंग गिअर यांच्यात २ ते ३ मिमी अंतर हवं. प्लेटच्या जाडीमुळे ते हमखास बिघडतं.

नटबोल्ट

लेथवाले साहेबांनी मागचं टोक सांगितलं, मी खालचं सांगतो. डोंगरवाट, चेंबर ॲक्सलला लागतो हे शंभर टक्के खरं. आणि गाडी जॅकवर असताना ते कधीच कळत नाही.

आडव्या गाडीत इंजिनाखाली ॲक्सल नसतो, म्हणून चेंबर कुठेही खोल असला तरी चालतं. जिप्सीत पुढचा ॲक्सल इंजिनाच्या पुढच्या भागाखालून जातो, त्याचं डिफ (डिफरन्शियलचा गोळा) एका बाजूला, आणि डिफपासून मागे ट्रान्सफर केसकडे शाफ्ट. या तिन्हींना चुकवून चेंबरचा खोल भाग मागच्या बाजूला यायला हवा. जी१३ चा चेंबर तसाच बनवलेला आहे.

तपासायची रीत: पुढचे पाटे खोला, मेन पाटा सोडून बाकीचे काढून ठेवा, मेन पाटा परत लावा. इंजिन फाउंडेशनवर (इंजिनाच्या रबरी माउंटवर), गिअरबॉक्स क्रॉस मेंबरवर, सगळं तात्पुरतं आवळलेलं. आता ॲक्सलखाली जॅक लावून दोन्ही बंप स्टॉप (ॲक्सलची वरची चाल थांबवणारे रबर) टेकेपर्यंत वर घ्या. चेंबरच्या तळाला आणि पुढच्या कडेला शाडूचे गोळे चिकटवून ठेवले असतील तर कुठे किती जागा उरली ते गोळा कापून पट्टीने मोजता येतं. कमीत कमी २५ मिमी. यापेक्षा कमी चालत नाही, कारण चालू इंजिन रबरावर स्वतः हलतं आणि बंप स्टॉपचं रबरही दबतं.

मग एकच बाजू वर घ्या, दुसरी खाली लोंबू द्या. डिफ ज्या बाजूला आहे तिकडचं चाक वर जाताना ॲक्सल तिरका होतो आणि डिफची वरची कड सरळ वर घेण्यापेक्षा वेगळ्या जागी येते. पाटा दबताना सरळ होऊन लांबतो, त्यामुळे ॲक्सल नुसता वर न जाता शॅकलच्या दिशेने सरकतोही. हे कागदावर काढत बसू नका, चाक वर घेऊन बघा.

स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून ड्रॅग लिंकही (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) बघा. ती बऱ्याच जणांच्या लक्षातून जाते.

डोंगरवाट

नटबोल्ट, चेंबर कापून उथळ केला तर? किंवा बॉडी लिफ्ट करून इंजिनच वर घेतलं तर?

नटबोल्ट

इंजिन वर घेतलं की गिअरबॉक्सचं तोंड वर जातं, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या मधल्या शाफ्टचा कोन बिघडतो, बॉनेटला इंजिन लागतं आणि वजन वर जातं. जिप्सी आधीच उंच आणि अरुंद आहे, उतारावर आडवी चालवताना तो फरक कळतो. १५-२० मिमीपर्यंत ठीक, त्यापुढे नको.

चेंबर कापणं हाच खरा मार्ग, पण नियम पाळून.

एक, आयतन कमी होऊ देऊ नका. १.३ डिझेलला साधारण ३ लिटर तेल लागतं. पुढे जेवढं कापलं तेवढं मागे किंवा बाजूला पंख काढून परत मिळवा.

दोन, पिकअपची जाळी नवीन खोल भागात न्या. जाळी आणि तळ यांत ६ ते १० मिमी अंतर ठेवा. तळाला चिकटली तर तेल ओढलं जात नाही, फार वर राहिली तर चढावर हवा ओढते. पिकअपच्या लांब केलेल्या नळीला मधे एक आधार द्या. टर्बो असलेल्या इंजिनात तेलाचा दाब दोन सेकंद गेला तरी टर्बोची बेअरिंगं आधी जातात.

तीन, आत बॅफल. तळापासून निम्म्या उंचीची उभी पट्टी, खाली छोट्या खिडक्या, जमलं तर एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. ३० अंशांच्या चढावर तेल मागे पळतं, उतारावर पुढे. खोल भाग मागे असल्याने चढाची काळजी कमी, लांब उताराची जास्त.

चार, वेल्डिंग झाल्यावर चेंबरमध्ये रॉकेल भरून रात्रभर कागदावर ठेवा. डाग पडला तर परत. ओतीव ॲल्युमिनियमचा चेंबर असेल तर आधी तेल जाळून स्वच्छ करून टिग करणाऱ्याकडेच द्या. तेल मुरलेल्या ॲल्युमिनियमला टाका धरत नाही, भोकं राहतात.

आणि शेवटी डिपस्टिक. मोजून ३ लिटर घाला, गाडी सपाट जागी ठेवा, नवीन खूण करा. जुन्या खुणेवर विसंबू नका.

फोर_लो

गिअरिंगचा हिशोब. जिप्सी किंग पाच स्पीड: पहिला ३.६५२, दुसरा १.९४७, तिसरा १.४२३, चौथा १.०००, पाचवा ०.७९५. ट्रान्सफर हाय १.४०९, लो २.२६८. ॲक्सल ३.९०९. टायर २०५/७० आर१५, एका फेऱ्यात साधारण २.०४ मीटर.

पाचव्यात हायमध्ये एकूण ४.३८. म्हणजे ताशी ८० ला २,८५० आरपीएमच्या आसपास, १०० ला ३,५५० च्या वर. डिझेल ओरडतच राहणार. टॉर्कचा माथा २,००० च्या आसपास आहे आणि पाचव्यात तिथे गाडी ५६ च्या वेगाने चालत असते. २३५/७५ आर१५ टायर घातले तर ८० ला आरपीएम २,६०० वर येतो. पण त्या टायरने नटबोल्टने सांगितलेली सगळी मापं आणि ब्रेकचं गणित परत बदलतं.

लोमध्ये पहिल्या गिअरला एकूण ३२.३८. ८५० आरपीएमला गाडी ताशी ३.२ किलोमीटरने सरकते. हे चांगलं आहे.

आता जे कुणी बोलत नाही ते. किंगच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवालं) पेट्रोलचा टॉर्क १०३ एनएम, डिझेलचा १९०. घर्षण सोडून दिलं तर लो-पहिल्यात चाकांवर पेट्रोल ३,३३५ एनएम देतं, डिझेल ६,१५०. माणसं-सामानासह १,३०० किलोची गाडी धरा, कोरड्या खडकावर घर्षणांक ०.८, चाकाची त्रिज्या ०.३२५ मीटर: चारही चाकं मिळून साधारण ३,३०० एनएमला घसरतात. म्हणजे मूळ पेट्रोल इंजिनात टायर घसरणं आणि इंजिनाचा जोर संपणं जवळपास एकाच वेळी होतं. टायर हाच त्या गाडीचा फ्यूज होता. डिझेलमध्ये तो फ्यूज राहत नाही. एक चाक दोन दगडांत अडकलं आणि तुम्ही रेटा दिला की पुढच्या नकल्समधला जॉइंट किंवा मधल्या शाफ्टचा क्रॉस तुटणार.

आणि दुसरी गंमत अशी की १,८०० च्या खाली या इंजिनात फारसा दम नाही, टर्बो भरेपर्यंत वाट बघावी लागते. म्हणजे दगडांवर जिथे हलक्या पायाने जोर हवा तिथे तो नाही, आणि टर्बो भरल्यावर एकदम दुप्पट. डिझेल म्हणजे खालच्या आरपीएमला दम, हे जुन्या मोठ्या इंजिनांचं खरं. १२४८ सीसीचं नाही.

कागद_आधी

फोर_लो, +१. आरटीओ सोडूनही हे कारण पुरेसं आहे.

वायरमन

वायरिंगशिवाय डिझेल घेऊ नका, एवढंच सांगायला आलो होतो, पण जरा लिहितो.

कॉमन रेल इंजिन म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आलाच, आणि ईसीयू म्हणजे इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारं कुलूप). नुसता ईसीयू भंगारातून आणला तर स्टार्टर इंजिन फिरवेल, पण ते चालू होणार नाही. एकाच गाडीतून हे सगळं एकत्र घ्या: ईसीयू, इमोबिलायझरचा डबा, चावी आणि चावीभोवतीची कॉइल, इन्स्ट्रुमेंट क्लस्टर, ॲक्सिलरेटर पेडल (दोन ट्रॅकचा सेन्सर असतो, जिप्सीच्या केबलवर चालत नाही), ग्लो प्लग रिले, फ्यूज बॉक्स, पूर्ण इंजिन हार्नेस. हार्नेस कापून काढलेला नको, कनेक्टरसकट उतरवलेला हवा.

जे सिग्नल गाडीत नाहीत ते द्यावे लागतात. ब्रेक स्विच, क्लच स्विच आणि वेग. वेगाचा सिग्नल नसेल तर आयडल अस्थिर होतो, काही वेळा ईसीयू फॉल्ट धरून ताकद कमी करतो. जिप्सीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, त्या ड्राइव्हवर हॉल सेन्सर बसवता येतो. एका किलोमीटरला किती पल्स लागतात ते ईसीयूच्या अपेक्षेशी जुळवा.

अर्थ: इंजिन-चासी, चासी-बॉडी, बॅटरी-इंजिन, अशा तीन वेगळ्या पट्ट्या. बॅटरी ६० एएचच्या खाली नको, स्टार्टरची केबल ३५ स्क्वेअर एमएम. ईसीयू सीटच्या पातळीच्या वर, केबिनमध्ये. ओढा ओलांडताना बॉनेटखाली पाणी येतं.

आणि एक धोक्याचं. चालू इंजिनात रेलच्या नळ्यांना हात लावू नका. १,४०० बारच्या आसपास दाब असतो, बारीक भोकातून येणारं डिझेल कातडीतून आत शिरतं. गळती शोधायची असेल तर पुठ्ठा धरून. जुन्या पंपाच्या इंजिनासारखं नट ढिला करून हवा काढायची सवय असेल तर ती इथे विसरायची.

लेथवाला

इंधनाबद्दल जोडतो. परतीची नळी हवीच आणि तीही टाकीपर्यंत. डोनर गाडीच्या टाकीत पंप होता का ते बघून तसाच द्या. नळीत कुठेही जीआयचं (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं) फिटिंग नको, डिझेलमध्ये जस्त विरघळतं आणि इंजेक्टरच्या टोकाला जमतं. पेट्रोलची टाकी पूर्ण वाळवून घ्या.

रानटी_टायर

गरम बाजू कुठे येते त्याबद्दल कुणी बोललं नाही. आडव्या गाडीत गिअरबॉक्स डावीकडे असतो. इंजिन वळवून फ्लायव्हील मागे केलं की रेडिएटरकडची बाजू डावीकडे येते आणि फायरवॉलकडची उजवीकडे. उजवीकडे आपल्याकडे स्टिअरिंग आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर. इंजिन घेण्याआधी टर्बो आणि एक्झॉस्ट कुठल्या तोंडाला आहेत ते उभं राहून बघा. उजवीकडे येत असेल तर हीट शील्ड, ब्रेक पाइपला वेगळी वाट, स्टिअरिंगच्या जॉइंटला बूट.

फ्लायव्हीलकडच्या टोकाला थर्मोस्टॅट, पाण्याच्या नळ्या, पंप वगैरेची जी गर्दी आहे ती आता फायरवॉलला भिडणार. फायरवॉल ठोकून आत घ्यावी लागते किंवा इंजिन पुढे, आणि पुढे घेतलं की रेडिएटर आणि परत तो ॲक्सल. या ओढाताणीत नेहमी ॲक्सलचं माप पहिलं धरायचं, रेडिएटर सगळ्यात शेवटी.

ब्रेक: डिझेलमध्ये मॅनिफोल्डला व्हॅक्यूम नसतो. इंजिनाचा व्हॅक्यूम पंप चालू ठेवून बूस्टरला जोडा, मधे नॉन-रिटर्न वाल्व. इंजिन बंद केल्यावर दोन-तीन वेळा पेडलला मदत मिळाली पाहिजे.

थंड ठेवणं: इलेक्ट्रिक फॅन, पूर्ण श्राउडसह, ९३-९५ अंशांना चालू, ८८ ला बंद. लोमध्ये ताशी तीनने चालताना समोरून वारा नाहीच. एक्सपान्शन टाकी सगळ्यात उंच बिंदूवर, नाहीतर हवा हेडमध्ये अडकते.

ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) विसरू नका. गाडी फार तिरकी झाली की तेल ब्रीदरमधून इनटेकला जातं, आणि डिझेल इंजिन तेलावरही चालतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, आरपीएम वाढतच जातो. सेपरेटर मोठा घाला आणि इनटेकची तोंडावरची नळी अशा जागी ठेवा की लाकडी फळीने झाकता येईल. हाताने झाकायचा प्रयत्न करू नका.

डोंगरवाट

समजलं. रस्त्यावर चालवायची आहेच, त्यामुळे डिझेल रद्द. मग ओव्हरहॉल की मारुती एस्टीमचं जी१३बीबी? कुणीतरी जुन्या बलेनो सेदानचं १.६ सुचवलं होतं.

फोर_लो

बलेनोचं जी१६बी त्याच घराण्यातलं. बोअर ७५, स्ट्रोक ९०, जी१३ चे ७४ आणि ७५.५. टॉर्क १३० एनएमच्या आसपास, जिप्सीच्या ॲक्सलला झेपतो, बेलहाउसिंगला प्लेटही लागत नाही. पण स्ट्रोक लांब म्हणून ब्लॉक उंच, मॅनिफोल्ड आणि फाउंडेशनची कामं निघतात, आणि सीसी बदलल्यामुळे आरसीचा प्रश्न तसाच उभा.

जी१३बीबी हे जिप्सी किंगमध्ये कंपनीनेच दिलेलं इंजिन, सीसी तेवढेच, इंधन तेच. तरी इंजिन नंबर बदलतो, म्हणून आधी आरटीओकडे लेखी अर्ज, मंजुरी आल्यावर काम, झाल्यावर चौदा दिवसांत कळवणे. इंजिनाची खरेदीची पावती आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची नोंद, दोन्ही जपून ठेवा. मंजुरी मिळाली नाही तर मूळ जी१३बीए चं ओव्हरहॉल.

कागद_आधी

बरोबर. मंजुरीआधी इंजिन विकत घेऊ नका.

नटबोल्ट

एस्टीमचं घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. चेंबर, तेलाची जाळी आणि पिकअप नळी जिप्सीची लावायची, एस्टीमचा चेंबर आडव्या गाडीचा आहे. फाउंडेशनचे ब्रॅकेट, फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर सगळं जिप्सीचं. पायलट बेअरिंग नीट बसतं का ते फ्लायव्हील लावून शाफ्टच्या टोकाने हाताने तपासा, लेथवाल्यांनी वर सांगितलेली लांबीची मोजणी इथेही करा. इनटेक मॅनिफोल्ड एमपीएफआय जिप्सीचा मिळाला तर उत्तम, एस्टीमच्या मॅनिफोल्डचं तोंड आडव्या गाडीच्या सोयीने केलेलं आहे. हेडच्या मागच्या टोकाची काळजी नको, किंगच्या एमपीएफआयमध्ये हेच हेड याच फायरवॉलसमोर बसतं.

आणि टाकी. कार्बोरेटरच्या गाडीत टाकीत पंप नसतो. एमपीएफआयला सुमारे ३ बारचा इलेक्ट्रिक पंप लागतो, पण नुसता पंप टाकून भागत नाही. टाकी पाव भरलेली असताना तीव्र चढावर पेट्रोल एका कोपऱ्यात जातं, पंप हवा ओढतो आणि गाडी मधेच बंद पडते. कार्बोरेटरला फ्लोट चेंबर असतो म्हणून हे कधी जाणवलं नसेल. एमपीएफआय जिप्सीची पूर्ण टाकी मिळवा, किंवा पंपाभोवती वाटी वेल्ड करून परतीची नळी त्या वाटीत सोडा. वेल्डिंगआधी टाकी पाण्याने भरून रिकामी करा, किमान दोनदा, आणि काम चालू असताना फक्त वेल्डची जागा सोडून बाकी पाण्याने भरलेली ठेवा.